गोणीखालचं पाकीट

सहा वर्षांपूर्वी एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, माझ्या दारावर लाथ बसली. टकटक नाही, घंटा नाही, सरळ लाथ. मी चांगली झाडायच्या तयारीनेच दार उघडलं, तर समोर ताई. तिच्या दोन्ही हातांत टॉवेलने धरलेलं पातेलं होतं आणि पातेल्यातून वाफा येत होत्या.

"गॅस मोकळा आहे का?" तिने विचारलं.

मी बाजूला झाले. ती चपला न काढता आत गेली, माझं दूध खाली उतरवलं, पातेलं चढवलं, आच मोठी केली. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, "अजून पाऊण तास." आणि मग, गॅसकडेच बघत, "घर गेलं गं."

माझी ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात, पण दात बसवलेली ती गुलाबी वस्तू कुणीतरी कुठेतरी घडवावी लागते. ते काम ताईचं. मापावरून प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात, मग मेण काढून त्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचं आणि पितळी डबीत घट्ट आवळून उकळत्या पाण्यात ठेवायचं. ते मधेच काढलं तर आत बुडबुडे राहतात आणि सगळी मेहनत वाया जाते. त्या दिवशी डबीत एका निवृत्त मुख्याध्यापकांचे वरचे दात होते. बँकेची माणसं कागद, कुलूप आणि सील करायची लाख घेऊन दारात आली, तेव्हा ताईने त्यांच्याकडे वेळ मागितला तो एवढ्यासाठीच. पंधरा मिनिटं मागितली, दहा मिळाली. मग उकळतं पातेलं घेऊन ती दोन गल्ल्या चालत आली. मागून भावोजी, डोक्यावर गादी, काखेत दातांच्या पेट्या.

मुख्याध्यापकांना दुसऱ्या दिवशी दात मिळाले. मला मात्र त्या पाऊण तासात सगळं कळलं आणि मी भावोजींना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

झालं होतं ते असं. ताईला चिनी मातीचे दात भाजायची भट्टी घ्यायची होती, म्हणून त्यांनी घर गहाण ठेवून कर्ज काढलं. दोन मोठे डॉक्टर तिच्याकडूनच काम घेत. मग शहरात यंत्राने दात कोरणारी मोठी कंपनी आली आणि दोघेही तिकडे गेले. हप्ते थकले. काम ताईचं आणि कागदपत्रं भावोजींची, अशी त्यांच्यात वाटणी होती. बँकेची पाकिटं येत गेली. भावोजींनी पहिलं उघडलं आणि अर्धं वाचून परत आत सारलं. दुसरं त्यांनी उघडलंच नाही. एकूण सात पाकिटं त्यांनी प्लास्टरच्या शिल्लक गोणीखाली सारून ठेवली, कारण पुढच्या महिन्यात काहीतरी सोय होईल आणि तोवर बायकोच्या जिवाला घोर कशाला, असं त्यांना वाटलं. जप्तीच्या दिवशी सामान हलवताना ताईने गोणी उचलली, तेव्हा ती सातही एकावर एक नीट रचलेली दिसली. नीट रचलेली! मला त्या नीटपणाचाच सगळ्यात जास्त राग आला होता.

ताई मात्र ओरडली नाही, रडली नाही. मोडून पडलेल्या बाईला सावरायचं कसं, ते मला ठाऊक होतं. एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसून मी रोज तेच करते. पण ही मोडलेली दिसेचना. माझ्या मागच्या खोलीत तिने टेबल मांडलं, घासायचं यंत्र लावलं, आणि संध्याकाळी पाच वाजता चहाच्या वेळी एक नियम जाहीर केला.

"या घरात आलेलं पाकीट पाच वाजता इथे उघडायचं. मोठ्याने वाचायचं. वाचणार मी. आणि तुम्ही," ती भावोजींना म्हणाली, "समोर बसून ऐकायचं, आणि ऐकलं म्हणून सांगायचं."

घर माझं, टेबल माझं, आणि नियम हिचा. पण मी बोलले नाही. टपालपेटीची किल्ली तिने माझ्याकडून मागून घेतली आणि दोरीत ओवून गळ्यात घातली. तेव्हापासून रोज पाच वाजता ती मेण कापायच्या सुरीने पाकीट उघडायची आणि उभी राहून वाचायची. विजेचं बिल वाचायची. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचायची. काही आलं नसेल तर दारात टाकलेली जाहिरात वाचायची. "सोफा, गाद्या, गालिचे घरी येऊन धुऊन मिळतील." भावोजी हात मांडीवर ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "ऐकलं."

मला पहिल्यांदा हसू यायचं. मग वाटायला लागलं की ही शिक्षा आहे, आणि जरा जास्तच होतेय. लिलावात घर पडत्या भावाने गेलं, तरी कर्ज पुरतं फिटलं नव्हतं, ते पत्रही असंच वाचलं गेलं. घर गेलं ते गेलंच, वर देणंही उरलं! भावोजींचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. "ऐकलं," ते म्हणाले. मला त्या दिवशी त्यांची दया आली, आणि ताईचा संताप.

पण त्याच नियमाने एकदा तिला वाचवलं, तेही सांगायला हवं. वर्षभराने बँकेचं पत्र आलं की उरलेल्यातली निम्मी रक्कम एकदम भरा, बाकी सोडून देतो. भावोजी उठून उभेच राहिले. मीही म्हटलं, देऊन टाक, माझे थोडे घे. ताईने मात्र पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, की खात्यावर तडजोड अशी नोंद होईल. तिने भावोजींना विचारायला पाठवलं. उत्तर आलं, नोंद वर्षानुवर्षं राहील आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात तर दारातूनच परत पाठवतील.

"मग पूर्ण भरायचं," ताई म्हणाली.

"कशातनं भरणार आहेस?" मी विचारलं.

"लोकांच्या कवळ्या पडतात. पडल्या की तुटतात. आणि त्यांना संध्याकाळी जेवायचं असतं," ती म्हणाली.

तिने खिडकीत पाटी लावली: तुटलेली कवळी त्याच दिवशी जोडून मिळेल. मोठी कंपनी आठ दिवस घ्यायची. माणसं यायला लागली, तोंडावर रुमाल धरून. माझ्या बैठकीच्या खोलीत रोज चार-पाच जण गाल बसलेले, गप्प, भिंतीकडे बघत बसायचे. मी त्यांना पाणी विचारायचे, ते मानेने नाही म्हणायचे. घरभर प्लास्टरची पूड. माझ्या उशीवर, माझ्या आरशावर, पिठाच्या डब्याच्या झाकणावर. मी रोज कटकट करायचे. ताई म्हणायची, "तुला नवरा नाही म्हणून दुसऱ्याच्या पुडीची सवय नाही." माझं लग्न झालं नाही याची हळहळ मला सोडून सगळ्यांना आहे.

असे अठ्ठेचाळीस हप्ते भरले. दर महिन्याच्या दोन तारखेला भावोजी स्वतः जुन्या बँकेत जाऊन पैसे भरून यायचे. त्या चार वर्षांत ताईने त्या इमारतीत पाऊल टाकलं नाही. शेवटच्या हप्त्यानंतर बँकेचा दाखला आला की या खात्यावर आता काही येणे बाकी नाही. खाली सही आणि जांभळा गोल शिक्का. त्या दिवशी पाच वाजता ताईने तो तीनदा वाचला आणि भावोजींनी तीनदा "ऐकलं" म्हटलं.

आणि मग तिने एक गोष्ट केली. दुसऱ्या कुणी तो कागद पिशवीत घालून कपाटात ठेवला असता. ताईला वाटलं, कागद भिजतो, फाटतो, कसर लागते. तिच्याकडे बिनरंगाचं अ‍ॅक्रिलिक होतं, काचेसारखं. तिने दाखला त्यात कायमचा बंद केला. वहीएवढी जाड वडी झाली, कडा घासून गुळगुळीत, वर चमक. आता हा कुणी नाही नेऊ शकत, असं म्हणून तिने ती माझ्या हातात दिली. मी बघितलं. अ‍ॅक्रिलिक कालवायचं ते उग्र वासाचं पाणी शाई विरघळवतं, हे तिला माझ्यापेक्षा शंभर पटींनी ठाऊक होतं. आनंदाच्या भरात विसरली. शिक्क्याचा जांभळा डाग होऊन सहीवर पसरला होता. "थोडंसं फुटलंय," ती म्हणाली, आणि वडी टेबलावर उभी केली. वर्षभर ती तिथे उभी होती. उन्हात छान दिसायची.

या वर्षी एक नर्सबाई आपली कवळी जोडायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, मुलाकडे राहायला जायचंय, दोन खोल्या विकायच्यात. तिसरा मजला, स्वयंपाकघराला मोठी खिडकी. ताई जाऊन बघून आली. रात्री जेवताना म्हणाली, "ओटा लांब आहे. पातेल्यासाठी वेगळा गॅस बसेल." मी समजले.

त्यांनी वर्षभराची सगळी बचत नर्सबाईंना इसार म्हणून दिली. लेखी ठरलं: महिनाअखेरपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही, तर इसार परत नाही. बाई वाईट नव्हत्या, त्यांचंही पुढचं सगळं त्या पैशांवर होतं. दुसऱ्या एका बँकेत अर्ज गेला. तिथल्या कारकुनाने आधीच्या कर्जाचा दाखला मागितला आणि ताईने पिशवीतून वडी काढून त्याच्या टेबलावर ठेवली.

त्याने ती उजेडात धरली, उलटी केली, वाजवून बघितली. "हे काय, बक्षीस मिळालंय का?" म्हणाला. मग फोटो काढला. फोटोत फक्त जांभळा ढग आला. "वर पाठवतो. काय म्हणतात ते पत्राने कळवू."

नंतरचे दहा दिवस तिचा हात चालेना. एका आजींचे पुढचे दोन दात तिने उलटसुलट बसवले.

सोमवारी मी कामावरून आले तेव्हा ती खाली टपालपेटीजवळ होती. पेटीतून तिने लांब पांढरं पाकीट काढलं, डाव्या कोपऱ्यात बँकेचं चिन्ह. मला बघितलं नाही. पाकीट तिने कामाच्या एप्रनमध्ये घातलं आणि वर गेली.

पाच वाजता मी चहा ठेवला. भावोजी समोर येऊन बसले. ताईने गॅसचं बिल वाचलं. सुरी पुसली.

"एवढंच?" भावोजींनी विचारलं.

"एवढंच."

मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी बोलायला हवं होतं. मी, जी खिडकीवर दिवसभर लोकांना तोडून बोलते, मी गप्प बसले. मला वाटलं, तिचं ती सांगेल, आज रात्री नाहीतर उद्या. खरं सांगायचं तर मलाही त्या पाकिटाची भीती वाटत होती. उघडलं तर ते खरं होणार होतं.

मंगळवारी एकच जाहिरात होती. बुधवारी काहीच नव्हतं, आणि ताईने डोकं दुखतंय म्हणून चहाच घेतला नाही. भावोजींनी विचारलं, "बँकेचं अजून नाही आलं?" ती यंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "आलं की वाचीन." यंत्र जोरात चालू होतं आणि त्याखाली घासायला काहीच नव्हतं. ते भावोजींनीही बघितलं.

गुरुवारी पाच वाजता भावोजी उशिरा आले. मागच्या खोलीतून आले, कोपरापर्यंत प्लास्टर. त्यांनी टेबलावर पाकीट ठेवलं. पांढऱ्यावर पांढरी पूड होती, तरी कोपऱ्यातलं चिन्ह दिसत होतं.

"गोणीखाली होतं," ते म्हणाले.

ताई उभी होती ती बसली. मी म्हटलं, आता हा माणूस सहा वर्षांचं उट्टं काढणार. त्याचा हक्कच होता. सहा वर्षं हात मांडीवर ठेवून बसलाय, गालिचे धुण्याच्या जाहिराती ऐकल्यात. मी असते तर सोडलं नसतं. पण ते फक्त बसले. पाकिटाशेजारी त्यांनी मेणाची सुरी ठेवली.

"तुम्हाला कसं कळलं?" ताईने विचारलं.

"कुठे ठेवावंसं वाटतं ते मला माहीत आहे ना."

ताईने हात पुढे केला, सुरीला लावला, मागे घेतला. "हात होत नाहीये हो," ती म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिचा तसला आवाज ऐकला नव्हता. "रोज वाटतं, आज उघडते. नाही होत."

"माहितेय," भावोजी म्हणाले.

"तुम्ही वाचा."

त्यांनी पाकीट उघडलं. वाचायची सवय नसल्याने अडखळत वाचलं. दाखल्यावरची सही व शिक्का वाचता येत नाही. मूळ बँकेकडून दाखल्याची दुसरी प्रत आणून द्यावी. मुदत शुक्रवार, दुपारी चार. त्यानंतर अर्ज बंद करण्यात येईल.

शुक्रवार म्हणजे उद्या.

मग माझं तोंड सुटलं. "चार दिवस! ताई, चार दिवस गोणीखाली! सोमवारी वाचलं असतंस तर आतापर्यंत हातात असती प्रत! आणि मी बघितलं होतं तुला, मी पण मूर्ख..."

"मेहुणीबाई, गप्प बसा!"

भावोजी ओरडले. या माणसाने माझ्या घरात सहा वर्षांत आवाज चढवला नव्हता. ताई उठून मोरीपाशी गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली, हात न धुता. "ऐकलं" ती म्हणाली नाही.

शुक्रवारी मी रजा टाकली. दहा वाजता जुन्या बँकेचं दार उघडलं तेव्हा आम्ही तिघं पायरीवर होतो. ताई आत येईना. "तुम्ही जा, मी इथे थांबते," म्हणून ती सायकली लावतात तिथे एका खांबाला टेकून उभी राहिली. मला तिला फरफटत न्यावंसं वाटलं, पण भावोजी म्हणाले राहू द्या.

आत काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "अहो दोन तारीख! तुमचं तर केव्हाच संपलं ना?"

दोन तारीख! या इमारतीत माझ्या भावोजींचं हे नाव होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. चार वर्षं दर दोन तारखेला रांगेत उभा राहणारा, कधी न चुकणारा माणूस. भावोजी जरासे हसले आणि सगळं सांगितलं, शाई फुटल्याचंसुद्धा. बाई म्हणाल्या, प्रतीला एरवी आठ दिवस लागतात, पण बघते. अर्ज लिहून घेतला. साहेबांची सही लागणार होती, आणि साहेब मुख्य कार्यालयात गेले होते, तीनपर्यंत येतील.

आम्ही बाकावर बसलो. भिंतीवरचं घड्याळ माझ्या डोळ्यांसमोर. बारा झाले, एक झाला. जेवणाच्या सुट्टीत काउंटर रिकामे झाले. मी दोनदा बाहेर जाऊन ताईला पाणी दिलं, तिने दोनदा नको म्हटलं. पावणेतीनला साहेब आले. तरुण, घाईत, हातात फोन. काउंटरवरच्या बाई खात्याचा तपशील घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि लगेच परत आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दोन तारीख, इथे सत्तेचाळीसच दिसतायत. एकतिसावा हप्ता जमा दिसत नाही."

"भरलाय," भावोजी म्हणाले.

"मग दाखला दिलाच कसा होता?" साहेबांनी तिथूनच विचारलं. "आधी तपासणी करावी लागेल. सोमवारी या."

सोमवार! एका न नोंदवलेल्या हप्त्यापायी इसार जाणार, खोल्या जाणार, आणि पुन्हा सहा वर्षं. ताईत पुन्हा सहा वर्षं उरली नव्हती. ते मी सोमवारपासून बघत होते.

भावोजींनी शर्टाच्या आतून एक चपटी डबी काढली. दातांचे नमुने येतात तसली, झाकणावर वेगवेगळ्या छटांची यादी. आत पावत्या होत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, दर बारा पावत्यांवर एक रबर. नीट रचलेल्या. त्यांनी तिसरा गठ्ठा सोडला आणि अंगठ्याने मोजत सातवी पावती काढली.

"हा एकतिसावा," ते म्हणाले. "त्या दिवशी तुमची वीज गेली होती. तुम्ही हाताने लिहून दिली होतीत." हे बाईंना.

बाईंनी पावती बघितली. अक्षर त्यांचंच होतं. त्या ती घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. काचेतून त्या बोलताना दिसत होत्या, साहेब फोन खाली ठेवून ऐकताना दिसत होते. तीन वाजून पाच. तीन वाजून बारा. मी मागे वळले तर ताई दारातून आत आली होती. खांबापाशी उभं राहवलं नसणार. ती भावोजींच्या मागे उभी होती आणि काउंटरवरच्या उघड्या डबीकडे बघत होती. तिने कधी विचारलं नव्हतं पावत्यांचं काय करता, आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तीन चाळीसला सही झाली, शिक्का बसला. बाईंनी शिक्क्यावर फुंकर मारली आणि भावोजींना म्हणाल्या, "हे मात्र कशात बुडवू नका."

दुसरी बँक पंधरा मिनिटांवर होती. आम्ही चाललो नाही, पळालो. मी त्रेपन्न वर्षांची, ताई अठ्ठावन्न, लोक वळून बघत होते. कागद ताईच्या हातात, छातीशी धरलेला, आणि भावोजी पुढे गर्दीतून वाट काढत. चारला सात मिनिटं कमी असताना आम्ही दारात पोचलो. पहारेकरी अर्धं दार ओढून उभा होता. "काम काय?" भावोजींनी काही उत्तर दिलं नाही, ताईला पुढे ढकललं आणि आपण दाराच्या फटीत खांदा घालून उभे राहिले.

कारकुनाने प्रत घेतली, वर-खाली बघितलं, पोच म्हणून कागदावर वेळ घातली: तीन छप्पन्न. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ताई त्या बँकेच्या फरशीवरच बसली, आणि रडली. घर गेलं त्या दिवसाचं रडली असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही.

कर्ज मंजूर झालं महिना संपायला दोन दिवस असताना. पत्र पाच वाजता वाचलं. वाचलं भावोजींनी. ताईचे हात प्लास्टरमध्ये होते, ती मागच्या खोलीतूनच ऐकत होती, काही बोलली नाही.

ताई-भावोजी नव्या घरी जाऊन आता दीड महिना झाला. माझी मागची खोली रिकामी आहे. मी ती तीनदा पुसली, तरी पायाला पूड लागतेच, आणि आता मला तिचा राग येत नाही, हे मी ताईला सांगणार नाही.

परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर चढून माझा दम गेला. लांब ओट्यावर पातेलं उकळत होतं, खिडकी उघडी होती, ताई साचा ओतत होती, हात मनगटापर्यंत पांढरे. जिन्यात पावलं वाजली. भावोजी आत आले आणि त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला टपालपेटीची किल्ली अडकवली. तीच दोरी, ताईच्या गळ्यातली. मी त्या दोरीकडे बघत राहिले.

"आलंय का काही?" ताईने विचारलं.

भावोजींनी टेबलाशी उभं राहून सुरीने पाकीट उघडलं. चष्मा लावला. घसा साफ केला.

"सोफा, गाद्या, गालिचे घरी येऊन धुऊन मिळतील," त्यांनी वाचलं. "पहिल्या गालिच्यावर सवलत."

घरात एक सतरंजीसुद्धा नव्हती. मला हसू आवरेना. ताईने साचा खाली ठेवला, हात पुसले नाहीत, वळली आणि त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर येऊन बसली.

"ऐकलं," ती म्हणाली.